दोन बोटं

दवाखान्यासमोर माझं मशीन आहे, एकोणतीस वर्षं.
मधे रस्ता, रस्त्याच्या कडेला कडुनिंब,
त्याला सायकली टेकतात आणि म्हातारे.
पायरीवरच्या चपला मोजल्या की कळतं
आज नंबर कधी लागेल.

मोठे डॉक्टर, ढोमणेसाहेब,
नाडी धरायच्या आधी विचारायचे,
"तूर कशी हाये बापा?"
आणि उत्तर येईस्तोवर सुई टोचून झालेली.
लाल गोळी, पांढरी गोळी, कागदाच्या पुडीत.
पैसे नसले तर, "पोया झाल्यावर दे."
गाव जीव टाकायचा त्यांच्यावर. मीही.
त्यांची सफारी मीच शिवायचो,
थर्मामीटरसाठी खिसा जरा उभट.

आता त्यांची सून बसते, डॉक्टर प्रणोती.
सुई देत नाही.
सर्दीला म्हणते, गरम पाणी प्या, चार दिवसांनी या.
"चार दिवसानं तं तशीच बरी होते," वच्छलाबाई
माझ्या दुकानात येऊन फणफणली,
"मंग हिले फी कायची देऊ?"
एकेकाला वीस वीस मिनिटं.
बाकड्यावर लोक जांभया देतात,
दहाची गाडी जाते, बाराची येते,
शेषराव कंपाउंडर नंबर पुकारतो
तोवर एखादा उठून चौकातल्या दुसऱ्याकडे गेलेला,
जो पिवळं सलाईन लावतो,
नुसतं पाहूनच बरं वाटतं.

मीही हसलो होतो तिला.

मग कार्तिकात खोकला जाईना, म्हणून रस्ता ओलांडला.
पाठीला नळी लावायच्या आधी
तिनं ती तळव्यावर घासून ऊन केली.
मला वाटायचं ती थंडच असते.
मग म्हणाली,
"काका, कपडे सैल होतात का हल्ली?"

मी शिंपी.
मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

द्वारकेचा ब्लाउज मी संक्रांतीला दोन बोटं आत घेतला.
होळीला आणखी दोन.
आखाडीला खांदाच उसवावा लागला.
पोटात जळजळ, म्हणायची.
साहेबांनी दर खेपेला गुलाबी पातळ औषध दिलं,
डोक्यावर हात ठेवून दिलं,
पैसे घेतले नाहीत.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
माप ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट असते?
नागपूरला मेडिकलला नेलं तेव्हा
तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली
आणि मला बसायला स्टूल दिलं.

तेरवीला साहेब सगळ्यांच्या आधी आले,
पंगतीत भाजी वाढली त्यांनी.
या माणसाला मनात कुठं ठेवायचं
अजून ठरत नाही.

"नाही," मी म्हणालो, "पँट तशीच बसते."
तिनं मान हलवली,
तरी माझ्या पट्ट्याची भोकं पाहिली,
कोणतं घासलंय, कोणतं कोरं.
थुंकी तपासायला दारव्ह्याला चिठ्ठी दिली.
तसलं काही निघालं नाही.
"कापडाची धूळ आहे काका, तोंडाला फडकं बांधा."
बांधतो, आठवण राहिली तर.

परवा वच्छलाबाई नातवाच्या लग्नाचा ब्लाउज टाकायला आली.
फीत फिरवली,
जुनी वही काढून मागल्या दिवाळीचा आकडा पाहिला,
परत फीत फिरवली.
"काय झालं?" म्हणे.
पावतीच्या मागे मी दोन्ही मापं लिहिली, तारखांसकट.
म्हटलं, शिलाई नंतर ठरवू,
आधी हे समोर दाखवून ये.
"तिले? थे सुई तं देत नाई!"
पण गेली. शिव्या देत, पदर खोचत, कागद मुठीत.

एकतीस नंबर होता. आत जाऊन झाली पंधरा मिनिटं.
बाराची गाडी आली, निघून गेली.
दोरा ओवून बसलोय, पाय पायडलवर,
चालवत नाही.
मशीनच्या आवाजात
शेषरावनं पलीकडून हाक मारली तर
ऐकू येणार नाही.